चार गुणांची फट

आमच्या फियाटमधून आवाज येतोय, हे मला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी सांगितलं. मी गाडी चालूच ठेवून काचेतून वांगी घेत होतो. मावशींनी तराजू खाली ठेवला, कान टवकारला आणि म्हणाल्या, "सर, गाडीत कोण सुपारी कातरतंय व्हय?"

मी हसलो. पण तिथून घरी येईपर्यंत मला दुसरं काही ऐकूच येईना. कातर, कातर, कातर. गाडी हळू झाली की सुपारी सावकाश, वेग घेतला की कातरणाऱ्याला घाई.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याची मला किती लाज वाटायला हवी याचा तुम्हाला अंदाज येईल. मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इंजिन हा विषय शिकवला. व्हॉल्व्ह कसा उघडतो, कसा मिटतो, त्याला दाबणारं टॅपेट कसं हलतं, सगळं. 'टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फट का ठेवतात?' हा चार गुणांचा प्रश्न मी किमान वीस प्रश्नपत्रिकांत घातला असेल. उत्तर अगदी सोपं आहे. इंजिन तापलं की लोखंड वाढतं. फट ठेवली नाही तर वाढलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जाळ त्याच्या कडेनं निसटतो आणि कड खाऊन टाकतो. एवढं लिहिलं की चारपैकी चार. फक्त या एकतीस वर्षांत मी स्वतः पाना असा कधी धरला नव्हता. पाना धरायला वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर होते. माझ्याकडं खडू असायचा.

गाडी माझी नव्हे, सासऱ्यांची. गणपतराव, म्हणजे आमचे आबा, कुरुंदवाडला असतात. वय चौऱ्याऐंशी. जवळपास पन्नास वर्षं त्यांनी ही फियाट लेकरासारखी सांभाळली. गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुमी इंजनातलं मानूस. तुमच्याकडं दिली म्हंजे मला घोर न्हाई." माझी बायको क्रांती शेजारीच उभी होती. माझं नाव विजयसिंह, तिचं नाव क्रांती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण आमच्या घरात विजय आणि क्रांती हे दोन्ही एकाच बाजूला असतात आणि ती बाजू माझी नाही.

आवाज ऐकल्यावर मी शहाण्यासारखी एकच गोष्ट केली. शाहूपुरीत सयाजीच्या गॅरेजला गेलो. सयाजी पंचेचाळिशीचा, एकटाच काम करणारा, कमी बोलणारा गडी. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि देवळात घंटा ऐकावी तसा डोळे मिटून उभा राहिला.

"टापिट हायती," तो म्हणाला. "वाजू देत की."

"वाजू देत म्हणजे?"

"जुनी गाडी हाय, सर. जराशी वाजणारच. वाजतंय म्हंजे फट हाय. फट हाय म्हंजे व्हॉल मिटतोय. गप झाली की मग भ्या."

बघा, या माणसानं मला चारपैकी चार गुणांचं उत्तर दिलं होतं. आणि मी त्याला मनातल्या मनात नापास केला, कारण त्यानं 'व्हॉल्व्ह'ला 'व्हॉल' म्हटलं.

गल्लीचं मत सयाजीच्या विरुद्ध होतं. शेजारचे अमरसिंह साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आवाज या विषयात आपला शब्द शेवटचा, असं ते मानतात. "तीस वरसं टर्बाइन ऐकलीया मी," ते म्हणाले. "मशीन वाजलं की समजायचं, रडतंय. रडणाऱ्याला गप करायचं, का वाजू दे म्हनायचं?" त्यांनी आधी घट्ट ऑइल सुचवलं, मग पातळ ऑइल, मग निम्मं घट्ट आणि निम्मं पातळ. समोरच्या मोना डॉक्टरीणबाईंनी त्यांचा जुना स्टेथोस्कोप दिला. तो कानाला लावून मी भर दुपारी बॉनेटमध्ये वाकलो होतो, तेव्हा बुलेटवरून जाणारा एक अनोळखी गृहस्थ मुद्दाम थांबला आणि म्हणाला, "काय पावणं, गाडीला दिस गेल्यात काय?"

गल्ली हसली. मी स्टेथोस्कोप परत केला. पण इथवर झालं ते सोसण्यासारखं होतं. खरा घात गाडीच्या कागदांनी केला.

गाडी माझ्या नावावर करायची होती. अर्जावर आबांची सही हवी. मी एसटीनं कुरुंदवाडला जाऊन सही आणली. आरटीओच्या खिडकीतला कारकून अतिशय सभ्य होता, आणि तीच अडचण होती, कारण सभ्य माणसाशी भांडता येत नाही. त्यानं जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवून मलाच विचारलं, "सर, तुम्हाला ही एका माणसाची सही वाटते का?" खरंच वाटत नव्हती. तरुणपणी आबांच्या सहीला मिशा होत्या; आता ती नुसती थरथरती रेघ झाली होती. मी पुन्हा कुरुंदवाडला गेलो. आबा म्हणाले, "पन्नास वरसांत मानूस बदलत न्हाई व्हय?" तरी दोन दिवस वहीवर स्वतःच्याच सहीची नक्कल गिरवत बसले. दुसऱ्या खेपेला मिशा आल्या, पण जास्तच आल्या. तिसऱ्या खेपेला सही जमली, आणि मग गाडी तपासायला जे साहेब आले ते राजवीर निघाले. माझे जुने विद्यार्थी.

"सर!" म्हणत राजवीर भर मैदानात माझ्या पाया पडला. रांगेतले ट्रकवाले, रिक्षावाले, सगळे बघायला लागले. माझी छाती दोन इंच वाढली. मग त्यानं गाडी चालू करायला सांगितली, मान तिरकी केली आणि आदरानं म्हणाला, "सर, टॅपेट वाजतायत."

"हो, थोडी वाजतात," मी म्हणालो. सयाजीचं वाक्य ओठावर होतं. वाजू देत की. पण राजवीर तोवर रांगेकडं वळला होता. "अरे, आम्हाला टॅपेट म्हणजे काय ते या सरांनी शिकवलंय! सर काय, घरी जाऊन स्वतःच्या हातानं करतील. अर्ध्या तासाचं काम. काय सर?"

माझ्या पायाला हात लावून त्या पोरानं माझ्या पायाखालची जमीनच काढून घेतली. रांग माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "वीस मिनिटांचं."

पुढच्याच रविवारी सकाळी मी गाडी उघडली. वीस मिनिटं वरच्या झाकणाचे नट सोडवण्यातच गेली. झाकण निघालं ते खालच्या पॅकिंगचे तीन तुकडे करून. नवं पॅकिंग मिळेना, तेव्हा अमरसिंहांनी त्यांच्या पुतण्याच्या लग्नाच्या जाड पत्रिका आणून दिल्या. "आमच्यात पत्रिका कापूनच पॅकिंग करत्यात," असं त्यांचं म्हणणं. मी कात्रीनं 'चि. सौ. कां.' कापून इंजिनावर बसवली. त्यातून ऑइल गळायला लागलं आणि आमच्या फाटकापासून मोना डॉक्टरीणबाईंच्या रांगोळीपर्यंत एक काळी रेघ उमटली. दुसरं पॅकिंग वराकडच्या बाजूनं कापलं. ते टिकलं.

पण हे सगळं वरवरचं. मुख्य गोष्ट अशी, की टॅपेटची फट मी बरोबर लावली होती. हे मला आवर्जून सांगायचंय. पट्ट्यांचं गेज घेतलं, पुस्तक उघडलं, आठही टॅपेट मोजून बसवली. गाडी चालू केली. सुपारी पुष्कळ बारीक झाली होती, पण कातरली जात होती.

बाहेर गल्ली जमली होती. अमरसिंहांनी कान दिला. "अजून रडतीया की," ते म्हणाले.

"एवढी फट ठेवावीच लागते," मी म्हणालो.

"व्हय व्हय, असंल," अमरसिंह म्हणाले, आणि त्या 'असंल'मध्ये इतकी दया होती, की मी पुन्हा झाकण उघडलं. पुस्तक म्हणत होतं, फट ठेव. गल्ली म्हणत होती, आवाज घालव. एक पाव फेरा आवळला. आवाज कमी. अजून थोडा आवळला. अजून कमी. मला कळत नव्हतं असं नाही. ते चार गुणांचं उत्तर माझ्या डोक्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, शेवटी पूर्णविरामासकट. तरी मी आठही टॅपेट आवळली, आणि चालू केल्यावर फियाट नुसती गुरगुरली. मांजरासारखी. सुपारी संपली.

अमरसिंहांनी टाळी वाजवली. "सरांनी सोत्ता केलंय!" त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगितलं. दुपारपर्यंत ते महाद्वार रोडपर्यंत पोचलं असावं, कारण संध्याकाळी एक अनोळखी बाई शिलाई मशीन घेऊन आल्या. पुढच्या पंधरा दिवसांत माझ्याकडं दोन मिक्सर, एक पंखा आणि मोना डॉक्टरीणबाईंचा वॉशिंग मशीनचा प्रश्न आला. एक मिक्सर मी इतका गप केला की तो त्यानंतर बोललाच नाही. तरी कुणी नाव ठेवलं नाही. प्रसिद्धीचं असंच असतं. गाडी जरा ओढत नाही, चढाला दम खाते, हे माझ्याही लक्षात आलं होतं. मी ते पेट्रोलवर ढकललं.

क्रांतीनं एकदाच विचारलं, "अहो, तुम्ही शिकवायचा ती फट, ती ठेवलीत ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी जेवढ्या वेळा म्हटलंय, तेवढ्या वेळा तिलाच कळलेलं निघालंय.

आबांच्या थोरल्या बहीण आक्का. नव्वदीच्या, कानानं जड, विधवा, आबांजवळच असतात. नुकतंच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि नवीन डोळ्यांनी पहिल्यांदा अंबाबाई बघायची असा त्यांचा हट्ट. तोही भावाच्या गाडीतून. "एसटीनं न्हाई, जीपनं न्हाई. गणपाच्या गाडीतनं." तेव्हा मी आणि क्रांती त्यांना आणायला कुरुंदवाडला गेलो.

आबा पुढं बसले. गाडी चालू झाली तसे ते थोडे पुढं वाकले, पाच मिनिटं कान देऊन बसले. मग म्हणाले, "आवाज न्हाई की हिला."

"घालवला," मी म्हणालो.

"कुणाकडनं केलं?"

या प्रश्नाची मी पंधरा दिवस वाट बघत होतो. उत्तर तयार होतं, नम्र हसू तयार होतं. पण ते इथं गाडीत कशाला वाया घालवायचं? गल्लीत, अमरसिंहांच्या देखत, चहाच्या वेळी सांगू म्हटलं. "घरी गेल्यावर सांगतो, आबा," मी म्हणालो.

हातकणंगल्याच्या अलीकडं गाडीनं पहिली उचकी दिली. मग मागं फाट् असा बार झाला. तो आक्कांनासुद्धा ऐकू गेला. त्यांनी विचारलं, "कुणाचं लगीन हाय?" गाडी थरथरायला लागली, मग दोन सिलिंडरवर रांगायला लागली, आणि उसाच्या एका फडाशेजारी ती चक्क बसली.

मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं ट्रॉल्या बाजूला लावल्या, आणि दोर लावून आम्हाला गावाच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजपर्यंत ओढत नेलं. मी स्टिअरिंगवर, बाजूला आबा ताठ, आणि मागं आक्का खिडकीबाहेर हात काढून वाटेतल्या लोकांना नमस्कार करतायत. "आता कशी सावकाश चाललीया," त्या खूश होऊन म्हणाल्या. "मगाशी लई पळवत होता."

गॅरेजवाला म्हातारा होता. त्यानं इंजिन हातानं फिरवून बघितलं, दम नाही म्हणाला, आणि वरचं झाकण काढलं. पत्रिकेचं पॅकिंग बघून त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्यानं गेजमधली सगळ्यात पातळ पट्टी घेऊन टॅपेटखाली घालायचा प्रयत्न केला. गेली नाही. दुसऱ्याखाली नाही. आठव्याखाली नाही.

"फट सोडा, ह्येच्यात वाराबी जाणार न्हाई," तो म्हणाला. "आवाज बंद करायला गळा आवळलाय इंजनाचा. व्हॉल जळाल्यात. दोन तरी गेल्यातच." तो सरळ उभा राहिला. "कुठल्या गाढवानं केलं हे?"

आबा माझ्याकडं वळले. त्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नाही, पण त्या क्षणी ते माझ्याकडं बघत होते हे नक्की. क्रांतीही बघत होती. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'मी.' मराठीत याहून छोटं वाक्य नाही.

"शाहूपुरीत," माझं तोंड म्हणालं. "सयाजी म्हणून आहे एक."

का? मी अजून विचार करतो. गॅरेजवाल्यांची नावं मला चार-पाच माहीत होती. खोटं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पण ज्या एका माणसानं मला हे करू नको म्हणून सांगितलं होतं, त्याचंच नाव जिभेवर आलं. क्रांतीनं मान वळवली आणि ती उसाकडं बघायला लागली. घरी पोचेपर्यंत उसाकडंच बघत होती. वाटेत ऊस संपला तरी.

गाडी तिथंच ठेवून आम्ही भाड्याच्या जीपनं कोल्हापूरला आलो. आक्का आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये नाइलाजानं बसल्या. गल्लीच्या तोंडाशी अमरसिंह उभेच होते. "आबा! बगितली का जावयाची कमाल?" एवढं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, आणि मी "आबा दमलेत, दमलेत," असं ओरडत सासऱ्यांना काखेत धरून घरात ढकललं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला. दार लावून घेतलं. अमरसिंह बाहेरून म्हणाले, "मग उद्या चारला येतो चहाला."

सकाळी आबांनी आंघोळ केली, टोपी घातली, काठी घेतली. "चला. त्या सयाजीला बगायचं हाय मला."

"आबा, कशाला? मी बोलतो त्याला."

"तुमी मऊ मानूस. तुमच्यानं बोलनं व्हायचं न्हाई."

रिक्षात मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला, असं मी म्हणेन. खरं म्हणजे एकदाच दाबला.

सयाजी एका जीपखाली होता. बाहेर आला, हात पुसले, मला बघून "या सर" म्हणाला. आबांनी काठी जमिनीवर आपटली. "तूच व्हय सयाजी? माझ्या फियाटची टापिट तू आवळलीस? पन्नास वरसं जपली रं ती गाडी. तुझ्या हातात पाना कुणी दिला? फट ठेवायची एवढंबी कळंना तुला? नव्वद वरसाची म्हातारी रस्त्यावर बसवलीस!"

शेजारच्या टायरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. सयाजीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्या बघण्यात प्रश्न होता, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याचं उत्तर असणार, कारण त्यानं नजर लगेच काढून घेतली.

"चुकलं, आबा," सयाजी म्हणाला. "गाडी हितं पाठवा. मी करून देतो."

आबांचा राग एकदम उतरला. चूक कबूल करणाऱ्या माणसाला पुढं काय बोलायचं हे त्यांना कधीच सुचत नाही. "बरं," म्हणाले, आणि रिक्षाकडं निघाले. मी मागं रेंगाळलो.

"सयाजी, अरे..."

"जावा सर, तुमी," तो हळू म्हणाला. "म्हातारं मानूस हाय. त्येंच्या म्होरं जावयाची अब्रू काय काढायची? माझं काय, रोज कोण ना कोण शिव्या घालून जातंयच." आणि तो परत जीपखाली गेला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या पायांपुढं इतका लहान झालो नव्हतो.

आता इथं मला लिहायला आवडलं असतं, की माझा विवेक जागा झाला. तो जागा होताच. पण नुसता बसून होता. दुपारी मी जेवलो नाही. क्रांतीनं ताट उचललं आणि आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "चार वाजता अमरसिंहभावजी चहाला येणार आहेत. आबांना त्यांच्या तोंडून कळलेलं बरं, का तुमच्या?"

साडेतीन वाजले होते. म्हणजे माझ्या कबुलीलासुद्धा घड्याळाचा धाक लागला, हे मी लपवत नाही.

आबा आणि आक्का पुढच्या खोलीत बसले होते. आक्का मटार सोलत होत्या. मी उभा राहिलो. तोंडी परीक्षेला पोरं जशी उभी राहायची तसा.

"आबा, सयाजीनं काही केलं नव्हतं. तो मला करू नका म्हणाला होता. टॅपेट मी आवळली. आणि काल खोटं बोललो."

आक्कांनी कानाला हात लावला. "काय म्हनतोय रं जावई?"

"काय न्हाई आक्का," आबा म्हणाले.

"काय न्हाई कसं? त्येचं त्वांड बग की."

आबांना शेवटी ओरडावं लागलं. "गाडी जावयानं मोडलीया! त्या पोराचं नाव उगंच घेतलं!" हे वाक्य आक्कांपर्यंत पोचलं म्हणजे गल्लीच्या त्या टोकापर्यंतही पोचलं. खिडकीबाहेर अमरसिंह चहासाठी जरा लवकरच आले होते. ते तसेच मागं फिरले.

आक्कांनी मटाराची शेंग खाली ठेवली. भावाकडं बघून म्हणाल्या, "मग त्या लेकराला तू कशापायी शिव्या घातल्यास, गणपा?"

आबांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं ते माझ्यावर ओरडतील, किल्ली मागून घेतील. दोन्हीची माझी तयारी होती. पण ते माझ्यामुळं शरमिंदे होतील, याची तयारी नव्हती. ते उठले, पुन्हा टोपी घातली, काठी घेतली. "रिक्षा बोलवा," एवढंच म्हणाले.

पुन्हा शाहूपुरी. सयाजी आता बाकावर बसून डबा खात होता. दुपारचं जेवण त्याला तेव्हाच मिळत असावं. आबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. मी त्यांना घराबाहेर टोपीशिवाय कधीच बघितलं नव्हतं.

"सयाजीराव, चुकलो मी. न विचारता बोललो."

सयाजी घास टाकून उठला. "आबा, टोपी घाला वं आदी. काय हे!" त्याला माझ्याकडं बघवेना आणि मला त्याच्याकडं. मी कसंबसं म्हणालो, "सयाजी, मी तुझं नाव घेतलं. चूक माझी." टायरवाल्या दुकानातली तीच माणसं पुन्हा बाहेर आली होती. आता त्यांच्याही लक्षात सगळा प्रकार आला असावा, कारण त्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "म्हंजे सर व्हय!"

"गाडी येईल उद्या," आबा म्हणाले. "पर एक ध्यानात ठेव. काम तू करायचं न्हाईस. दाखवायचं फकस्त. मोडलंय ह्येंनी, तर घासायचंबी ह्येंनीच."

आक्कांना अंबाबाईला क्रांती दुसऱ्या दिवशी रिक्षातून घेऊन गेली. "गणपाच्या गाडीतनं न्हाई, तर न्हाई," असं सकाळभर चाललं होतं, पण मग रिक्षावाल्यानं आजी म्हटल्यावर त्या चढल्या. देवी फार स्पष्ट दिसली, म्हणाल्या, नथसुद्धा. परत आल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला, इतर कुणालाही लावला त्याहून जरा जास्तच.

मी आठ दिवस सयाजीच्या बाकावर बसलो. जळालेले दोन व्हॉल्व्ह नवे आले. बाकीचे सहा जुनेच होते. आठही व्हॉल्व्ह बैठकीवर खरखरीत पेस्ट लावून हातानं घासायचे. काठीला रबराचा चोखणा, तो व्हॉल्व्हला चिकटवायचा, आणि रवी फिरवावी तशी काठी दोन तळहातांत फिरवायची. इकडं अर्धा फेरा, तिकडं अर्धा फेरा. रस्त्यावरून माझे जुने विद्यार्थी जायचे. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून घेतली. तिसऱ्या दिवशी एक जण थांबून "सर, इथं?" म्हणाला. "व्हॉल घासतोय," मी म्हणालो. 'व्हॉल' माझ्या तोंडून कधी निघायला लागला, कळलं नाही.

आबा रोज दहाला येऊन शेजारच्या खुर्चीवर बसायचे. मला काही बोलत नसत. सयाजीशी मात्र बोलत. ऊस, पाऊस, बहिणीचे डोळे. दोघांचं चांगलंच जमलं होतं. घासून झालेल्या व्हॉल्व्हची परीक्षा सयाजी घ्यायचा. वरून थोडं रॉकेल ओतायचं; व्हॉल्व्ह नीट बसला असेल तर खाली थेंब येता कामा नये. सात बसले. आठव्यातून पाझरलं.

"परत," सयाजी म्हणाला.

परत घासला. परत पाझरलं. "परत." माझ्या तळहातांना फोड आले होते. मी वर बघितलं. दोघं चहा पीत होते. कुणी माझ्याकडं बघतही नव्हतं. तिसऱ्यांदा घासायला बसलो. इकडं अर्धा, तिकडं अर्धा. रॉकेल ओतलं. आम्ही वाट बघितली. एक मिनिट. दोन. खाली कोरडं होतं. सयाजीनं बोट लावून बघितलं आणि मान हलवली.

तेवढ्यात जीपचा मालक गाडी न्यायला आला. बाकावर पांढऱ्या केसांचा, चष्मा लावलेला, कोपरापर्यंत काळा झालेला माणूस बघून तो चक्रावला. त्यानं आबांनाच विचारलं, "नवीन मेकॅनिक ठेवलाय व्हय सयाजीनं?"

आबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "आमचं जावई हायत. शिकाय लागल्यात."